व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या इंजेक्शनमुळे सात वर्षांच्या मुलाचं पाऊल लोंबतंय. मेडिकलमधला अँकल सपोर्ट चालेल की एएफओच (पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा, मापाने बनवलेला प्लास्टिकचा स्प्लिंट) करून घ्यावा? सवय लागून पाय आणखी अधू तर होणार नाही ना?

एएफओच करून घ्या. मी ऑर्थोटिस्ट आहे, लहान मुलांचे स्प्लिंट बनवणं हे माझं रोजचं काम. मेडिकलमधला इलॅस्टिकचा सपोर्ट मुरगळलेल्या घोट्यासाठी असतो. लोंबणारं पाऊल तो उचलून धरत नाही.

व्हिन्क्रिस्टिनचा त्रास सहसा सगळ्यात लांब नसांना आधी होतो, म्हणून पावलांपासून सुरुवात. मूल फटफट पाय आपटत चालतं, बुटाची टोकं झिजतात, टाचांवर चालायला सांगितलं की जमत नाही. हे सगळं आधी कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल अशी बुरशीवरची औषधं सोबत चालू असतील तर हा त्रास वाढतो. घरात कुणाला नसांचा आनुवंशिक आजार असेल तर तेही सांगा. डोसचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आपल्या मनाने एकही इंजेक्शन चुकवू नका.

सवयीची भीती जवळजवळ प्रत्येक आई-वडील बोलून दाखवतात. खरा धोका उलटा आहे. पाऊल सतत खाली राहिलं की टाचेमागची जाड शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) आखडते, आणि मग नस सुधारली तरी पाऊल वर येत नाही. त्यामुळे फिजिओथेरपिस्टने दाखवलेलं स्ट्रेचिंग रोज हवंच, एएफओ घालूनसुद्धा. काहींना रात्रीचा वेगळा स्प्लिंटही देतात.

फिटिंगच्या वेळी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: टाच मागे आणि खाली पूर्ण टेकली पाहिजे. टाच वर राहिली तर पट्टा कितीही आवळा, उपयोग शून्य. आत गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा, सुरकुती नको. या मुलांच्या पायाला बधिरता असू शकते, त्यामुळे टोचलं तरी ते सांगतीलच असं नाही. सुरुवातीला तास-दोन तासच घाला. काढल्यावर लाल खूण वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर घासून दुरुस्त करून घ्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना साधी जखमही महागात पडते.

आपल्याकडची खरी अडचण घरात येते. बूट दाराशी काढायची सवय, आणि नुसतं प्लास्टिक लादीवर सटकतं. घरासाठी वेगळा धुतलेला बूट ठेवा, एक साइज मोठा, रुंद तोंडाचा, वेल्क्रोचा. आतला सोल काढला की जागा होते. एएफओला घोट्यापाशी बिजागरी नसेल तर उकिडवं बसता येत नाही, तेव्हा घरी भारतीय संडास असेल तर माप देतानाच सांगा.

मुंबईच्या जवळ असाल तर हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये, एएफओ बनवतात. पाय वाढतो, म्हणून दर काही महिन्यांनी माप तपासून घ्या. औषध संपल्यावर बहुतेक मुलांची ताकद हळूहळू परत येते, पण एएफओ कधी काढायचा ते मुलाची चाल बघून फिजिओ ठरवतील.