किडनी काढली, पण कोड कोणता?

प्रश्न: मी पुण्यात अमेरिकेतल्या हॉस्पिटल्सचं मेडिकल कोडिंग (बिलासाठी आजार आणि ऑपरेशनला ठरलेले कोड लावणं) शिकतेय. डाव्या किडनीचा कॅन्सर, लॅप्रोस्कोपीने किडनी काढली. मी ५०५४६ (लॅप्रोस्कोपीने साधी किडनी काढण्याचा कोड) लावला तर ऑडिटरने लाल केला, म्हणजे चूक दाखवली, का? पेशंटला बीपी आणि स्टेज ३बी सीकेडी (किडनीचा जुनाट आजार) पण आहे.

उत्तर: अगं, ऑपरेशन नोट परत वाच, नुसतं हेडिंग नको. आत ‘गेरोटा फॅशिया (किडनीभोवतीचं आवरण) आणि भोवतालची चरबी काढली’ असं असेल तर ती रॅडिकल नेफ्रेक्टॉमी (आजूबाजूच्या भागासकट किडनी काढणं), म्हणजे ५०५४५, आणि ॲड्रिनल ग्रंथी काढली असली तरी ती त्यातच धरलेली असते, वेगळी लावलीस की परत लाल. हेच पोट उघडून केलं असतं तर ५०२३०.

डायग्नोसिसला आधी सी६४.२ (डाव्या किडनीचा कॅन्सर). मग बीपीचं, इथे सगळेच नवीन असताना आपटतात (मीपण आपटलेय). आय१० (नुसता बीपी) लावून मोकळं व्हायचं नाही, बीपी आणि सीकेडी एकत्र दिसले की, डॉक्टरांनी संबंध नाही असं लिहिलं नसेल तर, संबंध धरायचाच. म्हणून आय१२.९ (बीपीसोबत सीकेडी) आणि त्याच्यामागे एन१८.३२ (सीकेडीची स्टेज ३बी). स्टेज मात्र डॉक्टरांनी लिहिलेली हवी, ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा रिपोर्टमधला आकडा) बघून आपण ठरवायची नाही.

झेड९०.५ (किडनी काढलेली असल्याचा कोड) आत्ता नको, तो पुढच्या व्हिजिटला, किडनी गेलेली असते तेव्हा.