कर्ज थांबवा, आधी पोर्ट वाचायला शीक

प्रश्न : मी इचलकरंजीची. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यात नेटवर्क सपोर्टच्या मुलाखतीत विचारलं, "पोर्टचा दिवा हिरवा आहे, पिंग जातंय, तरी फाइल कॉपी व्हायला खूप वेळ लागतो. काय बघशील?" मी ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कच्या पुस्तकी मॉडेलचे, सात लेयर सांगत बसले. निवड झाली नाही. आता एक क्लास 'नोकरीची हमी' देऊन सीसीएनएसाठी (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्रासाठी) मोठी फी मागतोय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. काय करू?

उत्तर : बाबांना सांग, कर्ज तूर्त नको.

तुला विचारलेला प्रश्न या कामातला नेहमीचा आहे. मुलाखत घेणाऱ्यांच्या मनात बहुधा डुप्लेक्सचा घोळ असावा. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात, हाफ म्हणजे आळीपाळीने. समजा, स्विच म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी, तिच्या पोर्टवर, म्हणजे केबल लावायच्या खाचेवर, कुणीतरी स्पीड १०० एमबीपीएस आणि डुप्लेक्स फुल असं फिक्स करून ठेवलंय आणि समोरचा कॉम्प्युटर ऑटोवर आहे. ऑटोत दोन्ही टोकं आपसात वाटाघाट करून स्पीड आणि डुप्लेक्स ठरवतात, पण फिक्स केलेली बाजू वाटाघाटच करत नाही. ऑटोवाल्याला सिग्नलवरून स्पीड ओळखता येतो, डुप्लेक्स मात्र कळत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफवर जातो. लिंक चालू होते, पिंगची, म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का हे बघणारी, चिमुकली पाकिटं निघूनही जातात. मोठी फाइल सुरू झाली की फुलवाला हवं तेव्हा बोलतो आणि हाफवाला त्याला टक्कर समजून थांबतो. मग हाफच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढतात, फुलच्या बाजूला सीआरसी एरर (बिघडून आलेली पाकिटं). उपाय एवढाच, की दोन्ही टोकं ऑटो ठेवायची, नाहीतर दोन्हीकडे अगदी सारखं फिक्स करायचं. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) तर वाटाघाट लागतेच, तिथे ऑटोला हात लावूच नये. 'पोर्ट फिक्स केलेलाच बरा' ही काही जुन्या मंडळींची सवय तू उचलू नकोस.

सिस्कोच्या स्विचवर 'शो इंटरफेसेस स्टेटस' ही कमांड रोज चालवून वाचत जा. 'नॉटकनेक्ट' दिसलं तर केबल किंवा पलीकडचं यंत्र बघायचं. 'डिसेबल्ड' म्हणजे कुणीतरी शटडाऊन दिलंय. 'एरर-डिसेबल्ड' असेल तर स्विचनेच पोर्ट बंद केलाय, उदाहरणार्थ पोर्ट सिक्युरिटीमुळे, म्हणजे परवानगी नसलेलं यंत्र जोडल्यामुळे. तिथे कारण न शोधता नुसतं शट, नो शट (पोर्ट बंद-चालू) करत बसणाऱ्या मुलाला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. दोन्हीकडे गिगाबिट असून लिंक १०० वरच येत असेल तर आधी क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला प्लग, तपास, कारण १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

सरावासाठी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचं पॅकेट ट्रेसर हे कॉम्प्युटरवरच नकली नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क), ॲक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनचा पोर्ट), डिस्क्रिप्शन (पोर्टवर लिहून ठेवायची टीप), कॉन्फिगरेशन सेव्ह करणं, सगळं त्यावर हाताखालून जाईल. डिस्क्रिप्शन आळस न करता लिही. कोणता पोर्ट कुठे जातो हे रात्री शोधणाऱ्याला त्याची किंमत कळते. खऱ्या केबलचे दोष मात्र त्यात दिसणार नाहीत. त्यासाठी मैत्रिणींनी मिळून सिस्कोचा एखादा वापरलेला कॅटॅलिस्ट २९६० स्विच आणि त्याला कमांड द्यायला लागणारी कन्सोल केबल घ्या. पुटी या कमांड देण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड ९६०० ठेवला की स्विच बोलायला लागतो.

एवढं झाल्यावरही क्लास लावावासा वाटला तर जरूर लाव, पण हमी लेखी माग. खऱ्या स्विचवर किती तास बसायला मिळेल आणि परीक्षेची फी त्यातच धरली आहे का, हेही विचार. परीक्षेची फी वेगळी आणि डॉलरमध्ये असते, शिवाय प्रमाणपत्र ३ वर्षांचंच.

डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मार्क चांगले असतील तर तो अर्ज भरूनच ठेव, नोकरीची खटपट सोबत चालू दे.

आणि एक गोष्ट क्लासवाले सहसा सांगत नाहीत. या क्षेत्रातली पहिली नोकरी बरेचदा नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये, म्हणजे नेटवर्कवर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या कक्षात, पाळ्यांची असते. रात्रपाळी आहे का आणि ने-आण करायला कंपनीची गाडी आहे का, हे ऑफर घेण्याआधीच विचार. घरीही आत्ताच बोलून ठेव.