तीन लिटरवाल्याचा रुपया

प्रश्न : नमस्कार ताई. सांगली जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रांवर चालणारं एक सॉफ्टवेअर मी सांभाळतो. कोड पायथन या भाषेत आहे, गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवलेला. दर 37 रुपये 50 पैसे असला की तीन लिटर घालणाऱ्याला 113 रुपये मिळायचे, हल्ली 112 मिळतात. पाच लिटरवाल्याचे 188 मात्र बरोबर येतात. हिशेबाच्या ओळीवर गिटचा ब्लेम लावला तर एका सहकाऱ्याचं नाव येतं. तो म्हणतो, मी हिशेबाला हात लावलेला नाही. मधल्या काळात 1400 कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, झालेत. कुठे बिघडलं ते शोधायचं कसं?

उत्तर : आधी त्या सहकाऱ्याला चहा पाजा. ब्लेम बघून मीही एकदा एका नव्या मुलाला सगळ्यांदेखत झापलं होतं. त्याने फक्त टॅब काढून स्पेस घातल्या होत्या. आजही तो भेटला की मला ओशाळल्यासारखं होतं. ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला, एवढंच ब्लेम सांगतं. त्याला -डब्ल्यू जोडा, म्हणजे मोकळ्या जागांचे बदल वगळून मागचं नाव दिसेल.

मग ‘गिट लॉग -एस’ला (एस कॅपिटल) ‘राउंड’ हा शब्द देऊन बघा; रक्कम पूर्ण रुपयात आणणारी आज्ञा तीच. ज्या कमिटमध्ये त्या शब्दाची संख्या कमी-जास्त झाली, तेवढेच कमिट समोर येतात. तुमच्या बाबतीत बहुधा काहीच हाती लागणार नाही. का, ते पुढे येतंच आहे.

आता बायसेक्ट, म्हणजे बिघडवणारा कमिट शोधायची गिटची सोय. एक बिघडलेला कमिट आणि एक चांगला कमिट द्यायचा; गिट मधला काढून देतं, तुम्ही चालवून गुड की बॅड ते सांगायचं. दर वेळी निम्मे गळतात, म्हणून 1400 कमिटना दहा-अकरा फेऱ्या पुरतात. छोटी स्क्रिप्ट लिहून ‘बायसेक्ट रन’ला दिलीत तर तेही आपोआप होतं : 113 आले तर 0, 112 आले तर 1, आणि तो कमिट चालतच नसेल तर 125 परत करायचं, म्हणजे गिट त्याला बाजूला ठेवतं. स्क्रिप्टमध्ये तीन लिटरच घाला. पाच लिटर घातलेत तर सगळेच कमिट साळसूद दिसतील.

पण त्याआधी एक काम करा, आणि हे काम बहुतेक जण टाळतात. ज्याला तुम्ही ‘चांगला’ म्हणताय तो जुना कमिट आज, तुमच्या मशीनवर चालवून बघा. पूर्वी बरोबर होता म्हणून गुड लिहून मोकळं व्हायचं नाही. तोही 112 म्हणाला, तर बायसेक्ट तिथेच थांबवा. दोष हिशेबाच्या कोडबाहेर आहे.

मला तसाच वास येतोय. पायथन 2 मध्ये बरोबर अर्धा आला की राउंड आकडा वर न्यायचं. पायथन 3 मध्ये तो जवळच्या सम आकड्याकडे जातो. 112.50 चे 112 होतात, 187.50 चे 188. तुमची तीन आणि पाच लिटरची तक्रार अगदी याच मापाची आहे. ओळ तीच राहिली, तिच्याखालचं पायथन बदललं. रेपोत (गिटमधल्या तुमच्या कोडच्या साठ्यात) डॉकरफाइल, म्हणजे कुठलं पायथन घ्यायचं ते सांगणारी फाइल, असेल तर प्रत्येक फेरीत तिच्यावरून इमेज (प्रोग्राम चालवायचं तयार वातावरण) नव्याने बांधा, म्हणजे बायसेक्ट बरोबर त्या कमिटवर बोट ठेवेल. कुणी सर्व्हरवर हातानेच पायथन 3 चढवलं असेल, तर गिटला त्याची खबरबात नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच विचारा.

दुरुस्ती सोपी आहे. पैशांच्या हिशेबासाठी पायथनमधला डेसिमल हा संख्याप्रकार वापरा आणि त्यात ‘राउंड हाफ अप’ (अर्धा आला की वर) स्पष्ट लिहा. सात लिटरचेही 263 येतात का बघा, आता 262 येत असणार.

शेतकऱ्यांना फरक द्यायचा असेल तर कमिटवरची तारीख धरू नका. तो बदल प्रत्येक केंद्रावर वेगवेगळ्या दिवशी चढलेला असतो. केंद्रचालकाकडून 112 ची पहिली पावती मागून घ्या, तिथपासून मोजा.