पाटीवर देवाचे नाव, काट्यावर कडता

प्रश्न : आदरणीय बाई, सलाम. श्रीरामपूर तालुक्यात माझे आणि थोरल्या भावाचे भुसार मालाचे दुकान आहे. नाव 'याव्हे-यिरे ट्रेडर्स', म्हणजे 'परमेश्वर पुरवील'. आमच्या वडिलांनी प्रार्थना करून ते ठेवले. इथले सगळेच व्यापारी शेतकऱ्याच्या मालाच्या वजनातून क्विंटलमागे एक किलो कडता कापतात, त्याचे पैसे देत नाहीत; तसा आम्हीही कापतो. यंदा सोयाबीनच्या हंगामात एक शेतकरी चारचौघांत म्हणाला, "पाटीवर देव अन् हात आमच्या गोणीत." तेव्हापासून माझे मन लागत नाही. बायको म्हणते, पाटी उतरवा. भाऊ म्हणतो, ही बाजाराची रीत आहे, ती सोडली तर धंदा बुडेल, आणि आपण देवाला मिळकतीचा दशमांश द्यायला कधी चुकत नाही. मी काय करावे?

उत्तर : प्रिय बंधू, सलाम. पाटी राहू द्या. कडता उद्यापासून बंद करा.

पाटी उतरवून त्या शेतकऱ्याचे सोयाबीन परत येणार नाही. आणि तुम्ही ख्रिस्ती आहात हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, त्याला पाटीची गरज नाही. बायबलात यहेज्केल संदेष्ट्याच्या ३६व्या अध्यायात देवाचे दुःख हेच आहे. त्याचे लोक ज्या ज्या राष्ट्रांत गेले तिथे त्याच्या नावाला बट्टा लागला, कारण बघणारे म्हणाले, ही परमेश्वराची माणसे. तुमच्या दुकानात जो बोलला, तो नेमके तेच बोलला. मला तर वाटते, त्याने तुमच्यावर उपकारच केले. बाकीचे गप्प बसून पैसे मोजून निघून जातात आणि घरी जाऊन सांगतात.

माझे वडील मापाडी, म्हणजे बाजारात माल तोलून देणारे होते, म्हणून हा विषय मला जवळचा. मोठ्या तागडीचे दिवस होते ते. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणून ते मोजणी सुरू करत आणि पारडे स्थिर होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे, म्हणजे शेतकऱ्याला दिसावे की दांडीला कुणाचे बोट लागलेले नाही. व्यापारी घाई करायचे, चिडायचे. वडिलांचे हात मागेच. रविवारी मंदिरात 'तुझे नाव पवित्र मानले जावो' म्हणताना त्यांचा आवाज इतरांपेक्षा मोठा नसायचा, पण त्या प्रार्थनेचा अर्थ मी बाजारात त्यांच्याकडे बघून शिकले.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय दोघा भावांनी एकत्र बसून वाचा. माझ्या नावाने खोटी शपथ वाहू नका, ही आज्ञा त्यात आहे आणि त्याच अध्यायाच्या शेवटी खरी तागडी, खरी वजने ठेवा ही आज्ञाही आहे. मधे मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नका, असेही सांगितले आहे. तुमच्या हमालांचे पैसे वेळच्या वेळी जातात ना, तेही याच निमित्ताने बघा. काट्याजवळचे मातेरे गोळा करायला बाया येतात, त्यांना हाकलू नका. शेतात पडलेला सरवा गरिबांसाठी ठेवायला सांगणारा अध्यायही हाच.

तुमच्या भावाच्या मुद्द्याला येते. बाजाराची रीत आमोस संदेष्ट्याच्या काळीही होती. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो, म्हणजे एफा हे धान्याचे माप लहान आणि शेकेल हे पैसे तोलायचे वजन मोठे करून धान्य विकता येईल, असे म्हणणारे व्यापारी त्याच्या ८व्या अध्यायात आहेत. सण पाळणारीच माणसे होती ती. दशमांशाचे म्हणाल तर पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशमांश देऊन न्याय आणि दया सोडणाऱ्यांना प्रभू येशूने काय सुनावले, ते मत्तय २३ मध्ये आहे. कडत्यातला दहावा हिस्सा मंडळीच्या पेटीत पडला तर तो शेतकऱ्याचा पैसा पेटीत पडला, इतकेच झाले. आणि ज्या रीतीचा भाऊ आधार घेतात, तिला बाजार समितीच्या नियमांतही जागा नाही.

धंदा बुडेल ही त्यांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २० क्विंटल सोयाबीनवर २० किलो कडता, भाव ४,००० धरला तरी ८०० रुपये होतात. हंगामभराच्या मालावर अशी जमणारी रक्कम थोडी नाही. मग ती उघड भावात घ्या. परवडत नसेल तर भाव कमी सांगा, शेतकऱ्याला पटला तर तो माल घालील, नाहीतर पुढच्या दुकानात जाईल. पण तोल पुरा द्या. ओलावा असेल तर ओलावा मोजायचे यंत्र त्याच्यासमोर लावा, आकडा त्याला वाचू द्या, घट पावतीवर लिहा. गोणीचे वजन वजा करायचे तर रिकामी गोणी काट्यावर टाकून दाखवा. काट्याचे तोंड शेतकऱ्याकडे करा. काट्याचे दरवर्षी होणारे पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, वेळेवर करून घ्या आणि त्याचे प्रमाणपत्र पाटीखाली लावा.

आता तो शेतकरी. जकातदार जक्कय प्रभूला काय म्हणाला, ते तुम्हाला पाठ असेल : कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. गेल्या हंगामाच्या पावत्या काढा. ज्यांची नावे सापडतील त्यांचा हिशेब मांडा. सगळे एकदम जमणार नसेल तर लहान शेतकऱ्यांपासून सुरुवात करा. त्या माणसाकडे मात्र आधी जा, त्याच्या घरी, बायकोला बरोबर घेऊन. प्रवचन करू नका, वचन सांगू नका. तुमचे इतके किलो आमच्याकडे जास्त आले होते, हे त्याचे पैसे, एवढेच बोला आणि त्याने रागाने आणखी चार शब्द सुनावले तर ऐकून घ्या.