वाचकांचे प्रश्न : आयात तेलावरचे अवलंबित्व कमी कसे होते?

प्रश्न : १९७३च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलातून येत होती, असे वाचले. त्या देशाने नेमके काय बदलले?

उत्तर : मोठा बदल झाला तो घरे गरम ठेवण्याच्या व्यवस्थेत. १९७९च्या उष्णता पुरवठा कायद्याने नगरपालिकांना आपापल्या हद्दीचा आराखडा करायला लावला : कोणत्या भागात गरम पाण्याची सामायिक नळव्यवस्था, कोणत्या भागात नैसर्गिक वायू. नुसती वीज तयार करताना इंधनातली साधारण चाळीस टक्केच ऊर्जा कामी येते. उरलेली उष्णता वाया जाते. तीच नळांतून घरोघर पोहोचवली की वापर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातो. अडचण असते खर्चाची. जमिनीखालचे उष्णतारोधक नळ महाग, आणि निम्म्या घरांनी जोडणी घेतलीच नाही तर उरलेल्यांचे बिल फुगते. म्हणून जोडणी सक्तीची करण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला गेला.

आमच्या मते खरी कसोटी १९८६मध्ये लागली. तेलाचे भाव कोसळले, तेव्हा सरकारने ऊर्जाकर वाढवला आणि ग्राहकाला तेल स्वस्त मिळू दिले नाही. भिंतींना उष्णतारोधक थर देण्याचा खर्च वाचलेल्या इंधनातून वसूल होतो. इंधनच स्वस्त झाले तर तो कोण करील? १९९७पासून काही वर्षे डेन्मार्क ऊर्जेत स्वयंपूर्ण होता. त्यात उत्तर समुद्रातल्या तेल-वायूचाही मोठा वाटा होता, हे विसरू नये. शिवाय तेलावरची वीजकेंद्रे आधी कोळशावर नेली गेली आणि तो कोळसाही आयातच होता.

प्रश्न : ब्राझीलची इथेनॉल योजना मध्येच का अडखळली?

उत्तर : १९७५मध्ये 'प्रोआल्कोल' सुरू झाली आणि १९७९पासून निव्वळ इथेनॉलवरच्या गाड्या आल्या. त्या गाड्यांना दुसरे इंधन चालत नव्हते. १९८६नंतर तेल उतरले, पुढे साखरेचे भाव चढले. ऊस साखरेकडे वळला आणि १९८९-९०मध्ये पंपांवर इथेनॉलची टंचाई झाली. लोकांचा विश्वास उडाला तो बरीच वर्षे परतला नाही. २००३मध्ये पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी इंजिने बाजारात आली, तेव्हा कुठे गाडी पुन्हा रुळावर आली. मिश्रणाची सक्ती करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. आणि टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते आणि इंजिन बंद पडते. म्हणून साठवणीच्या टाक्या कोरड्या ठेवणे हा नियमाचाच भाग हवा.

प्रश्न : वीज आयात कोळशाचीच असेल, तर विजेच्या गाडीने काय साधते?

उत्तर : तेवढ्यापुरते फार नाही. केंद्र, तारा आणि मोटार यांतली घट धरता कोळशातली पंचवीस ते तीस टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. पेट्रोल गाडीत साधारण वीस-पंचवीस टक्के. पण विजेचा स्रोत पुढे पाणी, वारा किंवा ऊन असा बदलता येतो, पेट्रोल गाडीचे इंधन तसे बदलता येत नाही. त्यासाठी तासागणिक नोंद करणारे मीटर आणि वेळेनुसार दर आधी लागू करावेत. एकच दर ठेवला तर सगळ्या गाड्या संध्याकाळी घरी येताच चार्जिंगला लागतात, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर तापतो आणि दुपारची सौर वीज वापराविना राहते.