माळकरी माणसाला इझेटिमाइब कशाला?

दादा, प्रश्न रास्त आहे तुमचा. वडील माळकरी, कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा कधी तोंडाला लावला नाही, तरी एलडीएल (रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल) जास्त, आणि डॉक्टरांनी स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबरोबर आतड्यात कोलेस्टेरॉल अडवणारी इझेटिमाइब ही गोळी दिली, ती कशाला, असंच ना?

अहो, आतड्यात येणारं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातलं नसतंच, ते आपल्याच लिव्हरमधनं पित्तावाटे येतं. दिवसाला साधारण ८०० ते १२०० मिलिग्रॅम. मटण-अंडी खाणाऱ्याच्या जेवणातनं येतं ते साधारण ३००-४००, म्हणजे शाकाहारी माणसाचं आतडंसुद्धा रिकामं नसतं आणि जे येतं त्यातलं निम्म्याच्या आसपास परत शरीरात ओढलं जातं.

हे ओढण्याचं काम लहान आतड्याच्या पेशींवरचं एक प्रोटीन करतं, एनपीसी१एल१. पित्तातल्या क्षारांनी कोलेस्टेरॉलचे बारीक बारीक थेंब केलेले असतात, ते पेशीजवळ आले की या प्रोटीनच्या बाहेरच्या टोकाला एक खाच आहे तिच्यात कोलेस्टेरॉलचा रेणू बसतो, मग प्रोटीनच्याच आतल्या बोगद्यातनं पेशीच्या पडद्यात उतरतो. इझेटिमाइब जाऊन बसते ती नेमकी त्या बोगद्यात. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की अमेरिकेत गोळीला मंजुरी मिळाली २००२ ला आणि या प्रोटीनचं हे काम कळलं २००४ ला! बोगद्याचे फोटो तर २०२० मधले.

उलटं काम करणारी प्रोटीनची जोडीपण तिथंच असते, एबीसीजी५ आणि एबीसीजी८, ती आत आलेलं थोडं कोलेस्टेरॉल आणि शेंगदाणे, तीळ, तेल यातले वनस्पती-स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखेच वनस्पतीतले पदार्थ) परत आतड्यात फेकते. ही जोडी जन्मतः बिघडली की ते स्टेरॉल रक्तात साठतात, सिटोस्टेरोलेमिया म्हणतात त्याला, आणि त्यावरही औषध हीच गोळी.

आता दोन गोळ्या का? इझेटिमाइबच्या १० मिलिग्रॅमनं शोषण जवळपास निम्मं होतं पण एलडीएल उतरतं साधारण १८ टक्केच, कारण आतड्यातनं कमी आलं की लिव्हर स्वतः जास्त बनवायला लागतं. ते बनवणं स्टॅटिन रोखतं. म्हणून जोडीनं देतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक बंद करू नका.

इझेटिमाइब जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर, फरक पडत नाही. एकादशीलापण चुकवू नका, पित्त उपवासाच्या दिवशीही येतंच.