दिवाण, दिवाणा आणि उमरची वही

प्रश्न असा: फर्निचरवाल्याच्या पावतीवर ‘दिवान’ लिहिलंय, घरात आम्ही ‘दिवाण’ म्हणतो, बरोबर काय? आणि ‘दिवाणा’ त्यातूनच आला ना? एका व्याख्यानात म्हणे सांगितलं, की जुन्या इराणातले कारकून वेड्यासारखे पुटपुटत, म्हणून त्यांच्या कचेरीला दिवाण म्हणू लागले.

न आणि ण नंतर बघू. आधी ते व्याख्यान. ही गोष्ट या वर्षात मी चौथ्यांदा ऐकतोय, आणि दर वेळी सांगणारा ती स्वतःच शोधून काढल्यासारखी सांगतो. ती अकराव्या शतकातल्या मावर्दी या अरब कायदेपंडिताने लिहून ठेवली आहे आणि चौदाव्या शतकात इब्न खल्दून या इतिहासकाराने पुन्हा सांगितली आहे. खुस्रो बादशहा कारकुनांच्या दालनात डोकावला, ते तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते, तो म्हणाला, ‘दीवाने आहेत!’ गोष्ट गोड आहे. पण मावर्दी तिच्या जोडीला दुसरीही देतो: दीव म्हणजे सैतान, आणि कारकून सैतानासारखे हुशार, म्हणून दिवाण. एकाच शब्दाच्या दोन व्युत्पत्त्या एकाच पानावर दिसल्या की लेखकाला एकही पटलेली नाही असं खुशाल समजावं. इब्न खल्दून समाजाबद्दल लिहितो तेव्हा मी कान टवकारतो, शब्दांबद्दल लिहितो तेव्हा नाही. अरबी कोशकार तर ‘दव्वन’, म्हणजे नोंद करणे, या धातूपासून दिवाण काढतात. इथे लेकीच्या पोटी आई जन्माला घातली आहे. धातू नंतरचा, नाम आधीचं.

दिवाणा वेगळा. फारसीत ‘दीव’ म्हणजे भूत, राक्षस; दीवाना म्हणजे त्याने झपाटलेला. आणि हा दीव म्हणजे आपलाच देव. आपण ज्यांना पुजलं त्यांना इराण्यांनी राक्षसांत ढकललं. प्रेमात दिवाणा झालेल्या माणसाच्या अंगात शब्दशः देव आलेला असतो, फक्त पलीकडच्या पक्षाचा. विषय संपला.

आता दिवाण. मंत्री, दिवाणजी, गालिबचा दीवान, दिवाणी दावा हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांत मी वेळ घालवत नाही. हा शब्द सगळीकडे पोचला कसा, ते बघण्यासारखं आहे. त्यासाठी मदिनेला जायला हवं.

पैगंबर ६३२ मध्ये वारले. ६३४ ते ६४४ उमर खलिफा होता. या दहा वर्षांत सीरिया, इराक, इजिप्त अरबांच्या हाती आले. कूफा, बसरा, फुस्तात ही फौजेची ठाणी उभी राहिली. पैसा येऊ लागला, आणि तो वाटायचा कसा हे मदिनेत कुणालाच माहीत नव्हतं. नवव्या शतकातला इतिहासकार बलाधुरी एक प्रसंग सांगतो. पैगंबरांचा सहकारी अबू हुरैरा बहरैनहून वसूल घेऊन आला. उमरने विचारलं, किती? पाच लाख दिरहम. अरबीत लाखाला शब्द नाही, ‘शंभर हजार’ म्हणतात, त्यामुळे बिचाऱ्याला ‘शंभर हजार, शंभर हजार’ असं पाचदा म्हणून दाखवावं लागलं. उमर म्हणाला, तुला झोप आलीय, घरी जा, सकाळी ये. सकाळी आकडा तोच निघाला. तेव्हा उमर लोकांना म्हणाला, पुष्कळ धन आलंय, मापून देऊ की मोजून देऊ? त्यावर कुणीतरी सुचवलं, की परकी मंडळी यासाठी दिवाण ठेवतात, नावांची वही.

ती वही हिजरी २० च्या, म्हणजे इ.स. ६४१ च्या सुमारास सुरू झाली. लिहायला बसवले ते हिशेबनीस नव्हते, तर अकील, मखरमा, जुबैर हे कुळांच्या वंशावळी तोंडपाठ असलेले तिघे! त्यांनी खलिफा म्हणून उमरचं कूळ वर घेतलं. उमरने खोडायला लावलं. पैगंबरांच्या हाशिम कुळापासून सुरू करा आणि जवळच्या नात्याच्या क्रमाने जिथे माझी पाळी येईल तिथे मला घाला, म्हणाला. बद्रच्या, म्हणजे पैगंबरांच्या पहिल्या मोठ्या लढाईतल्यांना सालीना पाच हजार दिरहम, मागाहून आलेल्यांना कमी. या तनख्याला ‘अता’ म्हणत. म्हणजे अरबीत हा शब्द शिरला तेव्हा दिवाण म्हणजे ना माणूस, ना खोली, ना पलंग. दिवाण म्हणजे यादी. आधी यादी, मग ती ठेवायची कचेरी, मग कचेरीतला साहेब, आणि शेवटी साहेब ज्या गादीवर टेकतो ती गादी. पुढे हाच शब्द भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत जकातनाका झाला: स्पॅनिशमध्ये आदुआना, इटालियनमध्ये दोगाना, फ्रेंचमध्ये दुआन.

वही अरबांची झाली, तरी जिंकलेल्या मुलखातल्या वसुलीच्या वह्या पुढची पन्नासएक वर्षं जुन्याच कारकुनांनी जुन्याच भाषांत लिहिल्या. इराकात फारसी, सीरियात ग्रीक. त्या अरबीत आणल्या पुढच्या एका खलिफाने, अब्द अल-मलिकने. बलाधुरी म्हणतो, दमास्कसला एका ग्रीक कारकुनाने पाणी सापडेना म्हणून दौतीत लघवी केली, आणि खलिफाचा पारा चढला. खरं-खोटं सोडा, कचेरीत काम केलेल्याला अशक्य वाटू नये. इराकात हे काम सालिह नावाच्या लेखनिकाने केलं. जुन्या फारसी कारकुनाचा मुलगा त्याला अडवायला म्हणून विचारतो, अमुक अपूर्णांक अरबीत कसा लिहिशील? सालिह तिथल्या तिथे सांगतो. मुलगा चरफडतो, ‘तू फारसीचं मूळ कापलंस, तसं देव तुझं कापो.’ फारसी गेली. वहीचं फारसी नाव मात्र जागचं हललं नाही.

आता माझं लाडकं. दिवाणचं मूळ इराणी विद्वान जुन्या फारसीतल्या ‘दिपि’ या शब्दाशी नेतात. दिपि म्हणजे लेख. इराणातल्या बिसुतूनच्या कड्यावर दारयवहू (डेरियस) बादशहाने स्वतःच्या लेखाला हेच म्हटलंय. दिपिची जागा ते दिवाण. या दिपिच्या मागे इराण-इराकातल्या आणखी जुन्या भाषा: एलामी ‘तुप्पि’, त्याच्या मागे अक्कडी ‘तुप्पु’, त्याच्या मागे सुमेरी ‘दुब’: मातीची पाटी. उमरच्या वहीखाली सुमेरची ओली माती!

आणि आपण? अशोकाचे लेख घ्या. गिरनारला ‘धंमलिपी’. तिकडे वायव्येला शाहबाजगढीला तोच मजकूर, पण शब्द ‘ध्रमदिपि’. इराणच्या शेजारी द, इकडे ल. लिपी म्हणजे दिपिच, हे मी वीस वर्षं सांगतोय. संस्कृतचे पंडित लगेच ‘लिप्’ म्हणजे माखणे घेऊन पुढे येतात. घ्या! पाणिनीच्या सूत्रात ‘लिपि’ला लागून ‘लिबि’ही का आहे, ते तेवढं सांगा. माखणाऱ्या धातूला प चा ब करायची हौस कुठून आली? परका शब्द कानाला दोन तऱ्हांनी ऐकू येतो, तेव्हा असं होतं.

दिपिचा दुसरा मुलगा ‘दबीर’, लेखनिक. हा तर इस्लामच्या आधीच इकडे आला. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत ‘दिविरपति’, म्हणजे लेखनिकांचा मुख्य, हा अधिकारी भेटतो, आणि सातव्या शतकातल्या, म्हणजे उमरच्या वहीच्या शतकातल्या पटांतही तो आहे. काश्मिरात क्षेमेंद्र कवी याच दिविरांची साल काढतो. मग फारसी दरबारांतून तो पुन्हा आला तो आपला डबीर. सोनोपंत डबीर! राजव्यवहारातली फारसी काढताना शिवाजी महाराजांच्या दरबारात डबीराचा सुमंत झाला. आडनाव काही गेलं नाही. तेव्हा डबीर आडनावाच्या मंडळींनी लिपीला चुलत बहीण मानायला हरकत नाही. (दफ्तर मात्र या घरातलं नव्हे. ते ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे चामडं. दोघांची गल्लत करून लिहिलेला एक लेख परवाच कुणीतरी पाठवला. उत्तर दिलेलं नाही.)

हां, पावती. मराठीने हैराण, वैराण, दिवाण यांत ण केला आणि दुकान, मैदान, सामान यांत न ठेवला. नियम शोधत बसू नका. मराठीत दिवाण, दिवाणखाना, दिवाणी. दुकानदाराचा ‘दिवान’ हिंदीतून आलाय. आणि त्याखाली सामान ठेवायचा कप्पा असेल, तर तो साधा पलंग आहे. त्याला पलंगच म्हणा.